मरिनर्सचं स्प्रिंग ट्रेनिंग बघायला चाललात? स्कोअर सोडा, पिचरकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गेल्या ऑक्टोबरपासून घरातले सगळे सिएटल मरिनर्स या बेसबॉल टीमचे फॅन झालेत, आता मार्च २०२६ मध्ये अ‍ॅरिझोनाला पिओरियाला स्प्रिंग ट्रेनिंग (सीझनआधीचा सराव कॅम्प) बघायला जायचं ठरतंय, तर तिथे नेमकं बघायचं काय, कॅम्पमधल्या मॅचेस हरल्या तर टेन्शन घ्यायचं का, आणि यंदा तरी वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, गाठता येईल का. मी सिएटलजवळ बरीच वर्षं शाळकरी मुलांना पिचिंग शिकवतोय आणि मार्चमध्ये जमेल तेव्हा पिओरियाला जातो, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी टेन्शनचं मिटवू. स्प्रिंगमधल्या हारजितीला काहीही अर्थ नसतो. म्हणजे आपल्याकडे परदेश दौऱ्याआधी सराव मॅच असते ना, पंधराच्या पंधरा जण आलटून पालटून खेळतात आणि दोन दिवसांनी तिचा निकाल कोणाला आठवत नाही, तसंच हे, फक्त महिनाभर चालणारं. पहिल्या आठवड्यात स्टार्टिंग पिचर (म्हणजे मॅच सुरू करणारा बॉलर) एक-दोन इनिंग टाकून घरी जातो, पाचव्या-सहाव्या इनिंगनंतर मैदानावर जी पोरं दिसतात त्यांच्या पाठीवर ८०-९० च्या घरातले नंबर असतात, त्यातली बरीचशी एप्रिलमध्ये मायनर लीगमध्येच (खालच्या पातळीच्या टीममध्ये) असणार, आणि मॅच बरोबरीत सुटली तरी चालते. अशा मॅचमध्ये नवव्या इनिंगला चार रन दिले म्हणून मरिनर्स हरले, तर ते मरिनर्स हरले असं म्हणायचंच कशाला.

आणि मरिनर्सच्या बाबतीत स्कोअर आणखी एका कारणाने फसवतो, ते म्हणजे हवा. फीनिक्सच्या आजूबाजूची हवा कोरडी, गरम आणि विरळ, बॉल लांब उडतो, इनफिल्डही टणक त्यामुळे ग्राउंडर सटकन निघून जातात, शिवाय कोरड्या हवेत कर्व्ह आणि स्लायडर म्हणावे तसे वळत नाहीत, बॉल हातात गुळगुळीत लागतो. म्हणजे बॅटर असतो त्यापेक्षा चांगला दिसतो आणि पिचर असतो त्यापेक्षा वाईट. आता सिएटलचं टी-मोबाइल पार्क बघा, अगदी उलट, एप्रिलच्या थंड रात्री समुद्रावरून येणाऱ्या जड हवेत चांगले मारलेले बॉल वॉर्निंग ट्रॅकवर मरतात. तेव्हा पिओरियात एखाद्या नव्या पोराने आठवड्यात तीन होमरन मारले म्हणून त्याची जर्सी घ्यायला धावू नका, आणि आपला अनुभवी पिचर लुइस कास्टियोने तीन इनिंगमध्ये पाच रन दिले म्हणून त्याला म्हातारा ठरवू नका.

याचं सगळ्यात भारी उदाहरण मरिनर्सच्याच इतिहासात आहे. २००१ च्या स्प्रिंगला जपानहून इचिरो आला आणि मॅच मागून मॅच सगळे बॉल डाव्या बाजूलाच मारत होता, जोर असा दिसेचना. मॅनेजर लू पिनिएलाला काळजी वाटायला लागली की याला इथला फास्टबॉल झेपतोय की नाही, शेवटी त्याने विचारलं की उजवीकडे ओढून मारता येतो का तुला, आणि मग इचिरोने ओढून होमरन मारून दाखवला. तो तोवर आपलं टायमिंग आपल्या पद्धतीने बसवत होता, कोणाला काही सिद्ध करून दाखवायला आलेलाच नव्हता. त्याच वर्षी २४२ हिट, रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू) पण आणि एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) पण, आणि टीमने ११६ मॅचेस जिंकल्या. तेव्हा मार्चमध्ये खेळाडू काय *करून बघतोय* ते समजून घ्यायचं, आकडे एप्रिलपासून मोजू. (इचिरो अजूनही कॅम्पला युनिफॉर्म घालून येतो, पन्नाशी ओलांडलीये पण त्याचं स्ट्रेचिंग आणि लांबून थ्रो करणं बघण्यासारखं असतं, मुलांना मुद्दाम दाखवा.)

मग बघायचं काय? मी तरी मॅचपेक्षा सकाळी मागच्या मैदानांवर जास्त रमतो. पिओरिया स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स १९९४ पासून आहे, मरिनर्स आणि सॅन डिएगो पाड्रेस दोघं वाटून वापरतात, मुख्य स्टेडियमच्या मागे प्रॅक्टिसची मैदानं आहेत आणि सकाळी प्रॅक्टिस लोकांसाठी उघडी असते तेव्हा कुंपणाला टेकून बुलपेन सेशन (पिचरचा बॉल टाकायचा सराव) अगदी हाताच्या अंतरावर बघता येतं. तिथे बॉलचा स्पीड बघू नका, कॅचरचा ग्लोव्ह बघा. कॅचरने जिथे ग्लोव्ह धरला तिथून तो हलवावा लागला का? लागला तर किती? चांगल्या पिचरच्या वेळी ग्लोव्ह जागच्या जागी मिटतो आणि चटकन आवाज येतो, बस्स. वीस बॉल मन लावून बघितलेत तरी कोणता पिचर तयार आहे ते तुमचं तुम्हालाच कळायला लागेल, त्याला काही शास्त्र लागत नाही.

एक प्रसंग सांगतो, पिचरचं नाव नको, नव्वदीतला नंबर होता. सकाळी तो फक्त चेंजअप (फास्टबॉलसारखा वाटणारा पण हळू येणारा बॉल) टाकत होता. पहिले चार-पाच प्लेटच्या आधीच टप्पा पडून गेले, कॅचरच्या छातीला लागले. पिचिंग कोच जवळ आला, याच्या हातातला बॉल घेतला, करंगळीच्या बाजूचं बोट शिवणीवरून जरासं आत सरकवून परत दिला, एक शब्द बोलला असेल नसेल. पुढचे दोन परत वाया गेले आणि मग एक असा पडला की फास्टबॉलसारखा येता येता गुडघ्यापाशी खाली बसला, कॅचर नुसता हसला आणि तसाच परत मागितला. दुपारी मॅचमध्ये हाच पोरगा एका इनिंगला आला आणि समोर कोण आहे ते न बघता प्रत्येकाला तोच चेंजअप टाकत सुटला, तीन रन गेले. डगआउटमध्ये परत गेल्यावर कोचने पाठ थोपटली! स्कोअरबोर्डवर तीन रन, आणि कॅम्पच्या हिशोबात त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं काम. मरिनर्सचा पिचर ब्राइस मिलरचं असंच, २०२३ च्या सीझननंतर हिवाळ्यात तो स्प्लिटर (शेवटी अचानक खाली पडणारा बॉल) शिकला, २०२४ च्या स्प्रिंगमध्ये तो टाकून टाकून पक्का केला आणि त्या वर्षी त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या रनची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) तीनच्या खाली आला. फास्टबॉल त्याच्याकडे होताच, पण डावखुऱ्या बॅटरला चकवायला जे हत्यार लागतं ते त्याला त्या मार्चमध्ये मिळालं.

आता मुद्द्याचं, म्हणजे यंदाची आशा. माझं म्हणणं अगदी सरळ आहे, या टीमचे दोन अर्धे गेल्या दोन वर्षांत वेगवेगळे दिसले, एकत्र एकदाही दिसले नाहीत.

२०२४ आठवा. लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, कास्टियो, मिलर, ब्रायन वू, या पाच जणांनी मिळून १६२ पैकी जवळजवळ दीडशे मॅचेस सुरू केल्या, स्टार्टिंग पिचर्सचा ईआरए सगळ्या लीगमध्ये कमी, आणि बॅटिंग? टीमची सरासरी .२२४. ८५ मॅचेस जिंकल्या आणि एका मॅचने प्लेऑफ हुकला. ऑगस्टमध्ये मॅनेजर बदलला, ९० च्या दशकातला आपला जुना कॅचर डॅन विल्सन आला. मग २०२५ ला बॅटिंग जागी झाली, कॅल रॉलीने ६० होमरन मारले, कॅचर असून ६०! आधी कॅचरचा रेकॉर्ड साल्वाडोर पेरेझचा ४८ होता, दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचा १९६१ पासूनचा ५४ चा, आणि मरिनर्सच्या स्वतःच्या यादीत केन ग्रिफीचा ५६ चा, हे तिन्ही एका सीझनमध्ये गेले. पण त्याच वर्षी पिचिंग मोडलं. कर्बीच्या खांद्याला सूज आहे हे मार्चमध्येच कळलं आणि तो मेच्या उत्तरार्धात परत आला, गिल्बर्ट कोपरामुळे एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत बाहेर, मिलरच्या कोपरात हाडाचे काटे, तो दोनदा बाहेर. एकटा वू उभा राहिला, सीझनच्या पहिल्या २५ च्या २५ स्टार्टमध्ये त्याने कमीत कमी सहा इनिंग टाकल्या, आणि सप्टेंबरमध्ये त्याच्याही छातीचा स्नायू दुखावला. तरी ९० मॅचेस जिंकल्या आणि डिव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या गटात, पहिले!

आणि ऑक्टोबरमध्ये जे झालं ते याच्यामुळेच झालं असं मला वाटतं. प्लेऑफमध्ये डेट्रॉइटविरुद्धची पाचवी मॅच १५ इनिंग चालली, त्यात गिल्बर्ट आणि कास्टियो दोघांना, म्हणजे नेहमी मॅच सुरू करणाऱ्यांना, मधेच आणावं लागलं, होर्हे पोलांकोने शेवटी जिंकून दिली पण दोनच दिवसांनी टोरोंटोत पुढची सिरीज सुरू, तिथे मिलरला तीनच दिवसांच्या विश्रांतीवर उभं केलं. त्याने सहा इनिंग टाकल्या, कमालच केली. पण असं उधारीवर किती दिवस चालणार. टोरोंटोविरुद्धच्या सातव्या मॅचला ३-१ ने पुढे होतो, सातव्या इनिंगमध्ये दुखापतीतून नुकताच परतलेला वू, एक वॉक, एक हिट, मग बंट, मग एडुआर्ड बझार्डोला आणलं जो सगळा ऑक्टोबर राबला होता, आणि टोरोंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने बॉल डाव्या स्टँडमध्ये पाठवला. ४-३. वर्ल्ड सिरीजपासून आठ आउट लांब. मला बझार्डोचा एका क्षणासाठीसुद्धा राग आला नाही, त्या दिवशी त्याच्यावर वेळ आली कारण मे-जूनमध्ये ज्यांनी इनिंग खायला हव्या होत्या ते दुखापतीच्या यादीत होते, त्या इनिंग मग बुलपेनने, म्हणजे मधे येणाऱ्या राखीव पिचर्सनी, खाल्ल्या आणि ऑक्टोबरमध्ये त्याचं बिल आलं.

म्हणून तुम्ही विचारताय की यंदा होईल का, तर मी म्हणतो बॅटर सोडा आणि पिओरियात या पाच जणांचे हात बघा. कसे बघायचे ते सांगतो. मार्चच्या सुरुवातीला स्पीड एक-दोन मैल कमी असणं नॉर्मल आहे, त्याला घाबरायचं नाही. पण पहिल्या इनिंगला ९६ आणि तिसऱ्याला ९२ असं दिसलं तर लक्ष द्या (प्रत्येक बॉलचा स्पीड फोनवर दिसतो). दुसरं म्हणजे ठरलेल्या दिवशी माणूस परत येतोय का. प्रत्येक वेळी साधारण पंधरा बॉल वाढवत वाढवत मार्चअखेर ८०-९० पर्यंत नेतात, त्यात एखाद्याचा नंबर आला आणि टीमने सांगितलं की आज तो मागच्या मैदानावर टाकेल, तर ते बऱ्याचदा साधं असतं, पण सलग दोनदा पुढे ढकललं तर साधं नसतं. आणि तिसरं, बॉल सोडल्यावर पिचर काय करतो ते, खांदा फिरवतोय, हात झटकतोय, माउंडच्या मागे जाऊन उगाच वेळ काढतोय. माझ्याकडच्या अकरा-बारा वर्षांच्या पोरांमध्ये मी हेच बघत असतो. लिटल लीगमध्ये त्या वयाला दिवसाला ८५ बॉलची मर्यादा आहे आणि ६६ च्या वर टाकले की चार दिवस सक्तीची विश्रांती, तरी काही पालक भांडतात की एक इनिंग अजून टाकू द्या. हात ही एकच गोष्ट अशी आहे की गेली की गेली, मी त्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही, आणि विल्सननेसुद्धा मे महिन्यात एखादी मॅच सोडून द्यावी पण स्टार्टरला ओढत नेऊ नये असं माझं मनापासून मत आहे.

बॅटिंगचं थोडक्यात. पोलांको न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, युहेनिओ सुआरेझ सिनसिनाटीला, त्याचा टोरोंटोविरुद्धच्या पाचव्या मॅचमधला ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर रनर असताना मारलेला होमरन) मी मरेपर्यंत विसरणार नाही पण टीम म्हणून त्याच्या जागी जरा कमी स्ट्राइकआउट होणारा माणूस हवा होता आणि सेंट लुइसचा ब्रेंडन डॉनोव्हन अगदी तसाच आहे, बॉल बॅटला लावणारा, अनेक जागी खेळू शकणारा. जॉश नेलरला पाच वर्षांसाठी ९ कोटी २५ लाख डॉलरला ठेवून घेतलं, हा या हिवाळ्यातला सगळ्यात चांगला निर्णय. नेलर फर्स्ट बेसवर असला की मुलांना सांगा फक्त त्याच्याकडे बघा. माणूस जाडजूड, पळायला टीममधल्या हळू लोकांपैकी, आणि गेल्या वर्षी सिएटलला आल्यावर १९ बेस चोरायला (पिचर बॉल टाकत असतानाच पुढच्या बेसकडे पळायला) गेला आणि १९ च्या १९ चोरले! तो पायाने चोरत नाही, डोळ्याने चोरतो. पिचरची टाच, खांदा, किती वेळ बॉल धरून ठेवतो, हे बघत एकेक पाऊल पुढे सरकतो, आणि २०२३ पासून पिचरला एका बॅटरच्या वेळी माउंडवरून दोनदाच पाय काढता येतो, तिसऱ्यांदा काढला आणि रनर आउट झाला नाही तर रनरला पुढचा बेस फुकट, तर ते दोन वापरले गेले की नेलरचं अंतर कसं वाढतं ते बघा. पिचिंगवाल्या माणसाला हे बघताना घाम फुटतो.

कॅलकडून परत ६० ची अपेक्षा ठेवू नका, पंचेचाळीस मारले तरी डोक्यावर घेऊन नाचू. त्याचं काम यंदा दुसऱ्या एका कारणाने वाढतंय. या वर्षापासून मेन लीगमध्ये बॉल-स्ट्राइकचं चॅलेंज (अंपायरने बॉल दिला की स्ट्राइक, त्यावर दाद मागणं) आलंय, प्रत्येक टीमला दोन, बरोबर निघालं तर शिल्लक राहतं, आणि मागायचा हक्क फक्त बॅटर, पिचर आणि कॅचरला, तेही लगेच स्वतःच्या डोक्यावर टॅप करून, डगआउटमधून कोणी खुणावायचं नाही. स्ट्राइकचा झोन प्लेटच्या रुंदीचा, १७ इंच, आणि वरची-खालची रेषा त्या त्या बॅटरच्या उंचीवरून. गेल्या स्प्रिंगमध्ये ट्रायल झाली तेव्हा निम्म्याच्या आसपासच चॅलेंज बरोबर निघाले, म्हणजे खेळाडूंना वाटतं तितकं त्यांना दिसत नाही. मला विचाराल तर पिचरला चॅलेंज करूच देऊ नये, त्याला स्वतःचा प्रत्येक बॉल स्ट्राइकच वाटतो. कॅचरने करावं. आणि २०२४ चा प्लॅटिनम ग्लोव्ह (सगळ्यात चांगल्या फील्डरचा मान) मिळवलेला कॅचर आपल्याकडे आहे, समोर कडेकडेला बॉल ठेवणारा कर्बी आहे, ही जोडी दोन चॅलेंज नवव्या इनिंगपर्यंत कशी राखते हे कॅम्पमध्ये नक्की बघा, इथे वर्षभरात दोन-चार मॅचेस हातात येतील असं मला वाटतं.

एक अडचण, वर्ल्ड बेसबॉल क्लासिक, म्हणजे देशादेशांच्या टीमची स्पर्धा. ५ ते १७ मार्च. कॅल अमेरिकेकडून, हुलिओ रॉड्रिगेझ डोमिनिकन रिपब्लिककडून, नेलर कॅनडा, रँडी अरोझरेना आणि क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा) आंद्रेस मुन्योझ मेक्सिको, म्हणजे मुलांनी ज्यांचे पोस्टर लावलेत ते बरेचसे त्या काळात पिओरियात नसणार. तारखा हातात असतील तर १८ च्या नंतर जा. नसतील तरी वाईट वाटून घेऊ नका, कारण मोठी मंडळी नसतात तेव्हा पोरांना जास्त वेळ मिळतो आणि या टीमची पोरं सध्या फार चांगली आहेत. कोल्ट एमर्सन, २०२३ च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) शॉर्टस्टॉप, वय अवघं २०, त्याचा हिशोब कॅम्पमध्ये किती होमरन मारले यावर करू नका, दोन स्ट्राइक झाल्यावर तो खाली पडणाऱ्या स्लायडरवर बॅट अडवतो का ते बघा. अडवत असेल तर तो लवकरच वर येणार. जे. पी. क्रॉफर्ड आणि अरोझरेना दोघांच्या कॉन्ट्रॅक्टचं हे शेवटचं वर्ष, त्यामुळे एमर्सनची गरज पुढच्या वर्षी तर नक्की पडणार आहे. आणि केड अँडरसन, लुइझियाना स्टेटचा डावखुरा, २०२५ च्या ड्राफ्टमधला तिसरा, याचा प्रोफेशनल म्हणून हा पहिलाच स्प्रिंग, तो मागच्या मैदानावर टाकत असेल तर मॅचचं तिकीट बाजूला ठेवा आणि तिथेच उभे राहा.

बाकी, मैदानाबाहेरचं तुम्ही बघालच. सकाळी लवकर पोचा, आउटफिल्डच्या मागे गवतावर बसायचं तिकीट स्वस्त असतं आणि मुलांना तेच आवडतं, पाणी भरपूर, टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका कारण सिएटलच्या ढगांची सवय झालेल्या कातडीला तिथलं ऊन दोन तासांत भाजतं.

तर होईल का? मरिनर्स १९७७ पासून खेळतायत आणि ३० टीममध्ये वर्ल्ड सिरीजला एकदाही न पोचलेली ही एकच टीम उरलीये. या पाच पिचर्सनी मिळून १४० च्या वर मॅचेस सुरू केल्या तर यंदा पोचतील, माझा तसा पक्का विश्वास आहे. पिओरियाहून आलात की मला गिल्बर्ट आणि मिलरचं कोपर कसं वाटलं ते आधी सांगा, होमरन कोणी मारले ते नंतर.